मिटलेलं पान

आमच्या गल्लीत सुकं गवत उडायला लागलं की आंब्याचे दिवस आले असं समजायचं. घणसोली गावातली ही गल्ली इतकी अरुंद आहे, की समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंनी मिरचीची फोडणी दिली तर शिंका आमच्या घरात येतात. कुणीतरी वाशीच्या फळबाजारातून पेटी आणतं, दारातच उघडतं, आणि पेटीतलं गवत वाऱ्याबरोबर आमच्या जिन्यापर्यंत येतं. यंदा ते आलं तेव्हा मी कामाला निघालो होतो. एक काडी चपलेला चिकटली. मी ती काढून टाकली आणि चिडलो. कुणावर, ते बस येईपर्यंत ठरलं नाही.

खरं तर आंब्यावर चिडणाऱ्यांतला मी माणूस नव्हे. मी कांदा-बटाटा मार्केटमध्ये मापाडी आहे. गोण्या काट्यावर चढल्या की वजन बघायचं, मोठ्यानं सांगायचं आणि चिठ्ठीवर लिहायचं, एवढंच माझं काम. आयुष्य कांद्याच्या वासात गेलं. पण चैत्र सुरू झाला की शेजारच्या फळबाजारातून आंब्याचा वास भिंत ओलांडून येतो, आणि दहा वाजेपर्यंत कुणाचंच कामात लक्ष लागत नाही. माझे वडील, तात्या, त्याच फळबाजारात माथाडी होते. साताऱ्याकडून आलेला माणूस. तीसेक वर्षं डोक्यावर पेट्या वाहिल्या. दिवसभर डोक्यावर आंबा असायचा, पण अखितीच्या आधी त्यांनी एक फोड कधी तोंडात घातली नाही. आमच्याकडे तशी रीतच आहे. अखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आधी पितरांना आंबा घालायचा, पान कावळ्यासाठी बाहेर ठेवायचं, कावळा शिवला की मग घरच्यांनी खायचं. आपल्या आजोबा-पणजोबांच्या आधी आपण कसा खायचा, असं तात्या म्हणायचे. त्यांच्या मानेवरची शीर टचटच उडायची, घाम डोळ्यांत जायचा, पण डोक्यावरच्या पेटीकडे मन गेलं असं कधी दिसलं नाही. भूक ताब्यात ठेवता येते, असं मी त्यांच्याकडे बघून शिकलो. हे शिकणं अर्धवट होतं, ते पुढे कळलं.

वजन बघण्याची एक खोड लागते. मला गोणी नुसती बघून किलोदोन किलोच्या फरकानं सांगता येते. लग्नात नवरदेव बोहल्यावर चढला की माझ्या मनात आकडा येतो. प्राजू झाली तेव्हा नर्सबाईंनी तिला माझ्या हातावर ठेवलं आणि मी म्हणालो, अडीच किलोला थोडी कमी. नर्सबाई हसल्या, कारण तेवढीच होती. प्राजू म्हणजे प्राजक्ता, आमची एकुलती एक. लहानपणी ती इतकी किरकोळ होती, की तिला खांद्यावर घेऊन चार मजले चढलो तरी श्वास लागायचा नाही. आत्ता सोळाची आहे. आता ती तिसऱ्या मजल्यावर थांबते, कठड्याला धरते आणि म्हणते, "पप्पा, तुमी पुढे जावा. मी येते." मी पुढे जात नाही. मोबाइल बघितल्यासारखं करत तिथंच उभा राहतो.

बारा वर्षांची असताना तिचं डोकं दुखायला लागलं. चष्म्याचा नंबर असेल म्हणून आम्ही चष्मा केला. मग तिला बाजूनं येणारी रिक्षा दिसेना. मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात फोटो काढले, तेव्हा मेंदूच्या तळाशी गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, गाठ कॅन्सरची नाही, पण जागा वाईट आहे. तेव्हा आम्ही पहिलं अर्धंच वाक्य ऐकलं आणि बाहेर येऊन एकमेकांच्या गळ्यात पडून रडलो. दुसऱ्या अर्ध्या वाक्याचा अर्थ ऑपरेशननंतर लागत गेला. भूक लागली, पोट भरलं, आता पुरे, हे सांगणारी जागा तिथंच असते. गाठ काढताना तिला धक्का बसणारच होता, आणि गाठीनं आधीच बसवलेला होता. पोर वाचली. नजर बरीचशी वाचली. सकाळ-संध्याकाळ गोळ्या आल्या. आणि महिना दोन महिन्यांत तिचं वजन वाढू लागलं, ते थांबेचना.

लोक काय म्हणतात ते मला पाठ आहे. लिफ्टवाल्या सोसायटीतले लोक इंग्रजीत म्हणतात, आमच्या गल्लीतले मराठीत, अर्थ एकच. पोरगी खाते फार. आमच्या घरमालकीण आगरी आहेत, आम्ही त्यांना आत्या म्हणतो. मनानं सोनं, जिभेनं कोयता. त्या एकदा जिन्यात प्राजूसमोरच म्हणाल्या, "काय रं भाऊ, पोर कवरी जाड झाली! हिला जरा कामाला लाव, धुनी-भांडी करूं दे." आत्यांना काय बोलायचं? मी स्वतः त्याच्यापेक्षा वाईट बोललो होतो. डब्यातली शेंगदाण्याची चिक्की संपलेली दिसली, तेव्हा मी तिला म्हणालो होतो, "तुला लाज कशी नाही वाटत?" मग तिनं जे सांगितलं ते मी अजून विसरलेलो नाही. "पप्पा, जेवण झालं हे मला कळतच नाही. तुमी सगळे उठता, म्हणून मी उठते."

आपण दिवसातून दोनदा पोट भरलं म्हणतो आणि हात धुतो. त्या वाक्यामागं डोक्यात कुठंतरी कुणीतरी जागं बसलेलं असतं, हे मला चाळीस वर्षं माहीत नव्हतं.

गेल्या वर्षी फाल्गुनात डाएटवाल्या मॅडम भेटल्या. त्याच हॉस्पिटलात बसतात, आवाज बारीक, टेबलावर प्लॅस्टिकची केळी आणि पोळ्या. त्यांनी किटो नावाच्या आहाराबद्दल सांगितलं. भात, पोळी, साखर, फळं जवळजवळ बंद. तूप, लोणी, साय, पनीर, अंडी, खोबरं यांवर शरीर चालवायचं. मग शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला लागतं, आणि काही मुलांची भूकही जरा शांत होते. सुनंदा, माझी बायको, डोळे मोठे करून म्हणाली, "तूप खाऊन बारीक व्हायचं?" मॅडम हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "हे बघा, अशा गाठीच्या मुलांमध्ये आम्हाला अजून फार अनुभव नाही. मी प्रॉमिस करत नाही. सगळं आमच्या देखरेखीत, रक्त तपासत करायचं, मनानं काही नाही. आणि मोजमाप एकदम करेक्ट पाहिजे."

मोजमाप म्हटल्यावर सुनंदानं माझ्याकडे बोट दाखवलं. "हे हायत की. ह्यांचा धंदाच त्यो."

माझी छाती फुगली, हे कबूल करायला हरकत नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा मला जमणारं काहीतरी कुणी मागितलं होतं. मी छोटा इलेक्ट्रिक काटा आणला. मार्केटमध्ये मी पन्नास किलोच्या गोण्या बघणार आणि घरी येऊन पनीरचा तुकडा सुरीनं खरवडून एक ग्रॅम कमी करणार. काकडीच्या चकत्या, कोथिंबिरीची काडी, लोण्याची गोळी, सगळं काट्यावर. प्राजू समोर बसून आकड्याकडे बघायची. नाशिकहून माल घेऊन आलेला शेतकरी मापाड्याच्या हाताकडे जसा बघतो, थोडा विश्वास, थोडा संशय, तशीच. एकदा म्हणाली, "पप्पा, काटा मारत नाही ना?" काटा मारणं म्हणजे वजनात फसवणं. आमच्या धंद्यात याच्यापेक्षा मोठी शिवी नाही. मी म्हणालो, "तुझ्या बापानं आजवर कुणाला अर्ध्या किलोनं फसवलेलं नाही." हे खरंही होतं.

स्वयंपाकघराला कुलूप लागलं. एका खोलीच्या आणि किचनच्या भाड्याच्या घरात आतल्या दाराला कडीकोयंडा बसवणारा सुतार मला विचारत होता, "चोरी झाली का काय?" किल्ली सुनंदाच्या मंगळसूत्राला अडकवलेली असायची. आमच्या दोघांच्या भाकऱ्या ती खाली आत्यांच्या चुलीवर भाजायची, घरात वास नको म्हणून. आम्ही दोघं आत्यांच्या ओट्यावर बसून, चोरासारखे, भराभर जेवायचो. आत्यांना हे काही पटत नव्हतं. "पोरीला भाकर देयाची नाय, ही कंची दवा?" असं पुटपुटत त्या आमच्या पानात मासळीचं कालवण वाढायच्या.

प्राजूनं मात्र नेट धरला. लोण्यातल्या अंड्यानं तिला मळमळायचं. एकदा भडभडून ओकली आणि तोंड धुऊन म्हणाली, "परत मोजा, मी परत खाते." शाळेत मैत्रिणीच्या वाढदिवसाचा केक तिनं हातात घेतला, बाकाखालून दुसरीला दिला आणि घरी येऊन सांगितलं. सांगताना तिचा चेहरा असा होता, की मला तात्यांच्या मानेवरची शीर आठवली.

आणि मग त्या पट्ट्या. लघवीत बुडवायची कागदाची पट्टी, तिचा रंग बाटलीवरच्या रंगांशी ताडून बघायचा. आहार लागू पडला असेल तर लघवीत कीटोन्स येतात आणि पट्टी गडद जांभळी होते, नसेल तर अंगाच्या रंगाची राहते. सुनंदा त्या गडद रंगाला वांगी रंग म्हणायची. रोज संध्याकाळी मी एका वहीत लिहायचो. पहिले काही दिवस फिकट, मग गुलाबी, आणि एका संध्याकाळी पट्टी अशी झाली की भरताच्या वांग्याचं साल. आम्ही तिघं न्हाणीघराच्या दारात उभे राहून एका कागदाच्या तुकड्याकडे बघत नाचलो. त्या पंधरवड्यात वजनाचा आकडा जागचा हलला नाही. कमी झाला नाही, पण वाढलाही नाही. रोज चढणारं पाणी पायरीवर थांबावं तसं वाटलं. मी मार्केटमध्ये सगळ्यांना चहा पाजला. कारण सांगितलं नाही.

त्याच सुमाराला गल्लीत गवत उडायला लागलं.

आंबा घरात आणायचा नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. पण अखिती जवळ आली तशी सुनंदा अस्वस्थ झाली. "तात्यांना घातल्याबिगर ऱ्हायचं व्हय? सारी हयात त्यांनी आंबा वाह्यला. वरीसभर वाट बघून तसंच माघारी जायाचं?" मी म्हणालो, यंदा राहू दे, तात्या समजून घेतील. ती म्हणाली, "त्ये घेतील. माझ्या जिवाला न्हाय पटत." भांडण झालं नाही, कारण भांडायची ताकद दोघांत नव्हती. तोड अशी निघाली, की आत्यांच्या घरी रस काढायचा, तिथंच चार पुऱ्या तळायच्या, केळीच्या पानावर वाढून पान थेट गच्चीवर न्यायचं. घरात थेंब येणार नाही आणि आम्हीही खाणार नाही.

आमच्या गच्चीवर पाण्याच्या काळ्या टाक्या आहेत, डिशच्या छत्र्या आहेत आणि कावळे भरपूर. दुपारी बाराच्या उन्हात मी पान घेऊन वर गेलो. प्राजू मागून हळूहळू आली. तात्यांची लाडकी. तिला टोपीत पेरू लपवून आणून देणारा म्हातारा तो. पान टाकीच्या सावलीत ठेवलं, पाणी फिरवलं, हात जोडले. कावळे समोरच्या टॉवरवर बसून काव काव करत राहिले, इकडे एकही येईना. तेवढ्यात मार्केटमधून फोन आला, कुठल्यातरी चिठ्ठीत आकडा चुकला होता. गच्चीवर वाऱ्यानं ऐकू येईना. प्राजू म्हणाली, "तुमी खाली जाऊन बोला. मी थांबते. शिवला की सांगते."

आणि मी गेलो. या वाक्यावर मी वर्षभर थांबलो आहे. भुकेल्या पोरीला रसपुरीच्या पानाची राखण बसवणारा बाप कुठल्या घरात मिळेल? पण तेव्हा मला ते पान अन्न म्हणून दिसलंच नाही. ते तात्यांचं होतं. आमच्या घरात पितरांच्या पानाला हात लावायचं कुणाच्या मनातही येत नाही, तर ते तिच्या मनात येईल हे माझ्या मनात कसं यावं? तिच्या डोक्यातलं पुरे म्हणणारं माणूस उठून गेलंय, हे डॉक्टरांनी चित्र काढून सांगितलं होतं, मी मान डोलावली होती. कळलं मात्र नव्हतं.

पंधरा-वीस मिनिटांनी ती खाली आली. "शिवला," म्हणाली. "लगेच आला."

सुनंदानं पदर डोळ्यांना लावला. इतके महिने आवरून धरलेलं सगळं तिनं त्या एका वाक्यावर सोडलं. तात्या आले, जेवले, आता पोरीच्या मागचं शुक्लकाष्ठ जाणार, असं काहीबाही म्हणत तिनं प्राजूच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. प्राजू भिंतीकडे बघत होती.

संध्याकाळी मी पान उचलायला वर गेलो. पान टाकीच्या कडेला नीट मिटून ठेवलेलं होतं. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर विटेचा तुकडा. जेवून उठताना पान मिटायचं, वाढणाऱ्याचा मान असतो, हे तात्यांनीच तिला गावच्या जत्रेत पंगतीला शेजारी बसवून शिकवलं होतं. मी पान उघडलं. पुरीचा कण नाही, रसाचा डाग नाही, चाटून लख्ख. कावळा सांडतो, ओढतो, पान फाडतो. कावळा पान मिटत नाही.

मी तिथंच उकिडवा बसलो. मला राग आला नाही. रडूही आलं नाही. ती त्या उन्हात एकटी बसून, भराभर, आजोबांचं पान जेवली असेल, आणि जेवून झाल्यावरही तिला जेवण झालं असं कळलं नसेल, एवढंच डोक्यात येत राहिलं. आणि तरी तिनं पान मिटलं.

त्या दिवशीची पट्टी अंगाच्या रंगाची निघाली. प्राजूनं ती माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. सुनंदा मोरीत भांडी घासत होती. "काय वं, वांगी हाय न्हवं?" तिनं तिथूनच विचारलं. प्राजूच्या डोळ्यांत काय होतं ते मला सांगता येणार नाही. मी पट्टी दुमडली, खिशात घातली आणि म्हणालो, "हो, वांगी." वहीतही तेच लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी काटा मारला, तो स्वतःच्या पोरीच्या औषधात.

एकदा मारला की हात सरावतो. ती आता आत्यांकडे बसायला जायची आणि तिथली भाकरी खायची. गल्लीतल्या कुणी फेकलेली कोय तिनं चोखताना मी लांबून पाहिली आणि दुसऱ्या रस्त्यानं घरी आलो. संध्याकाळी पट्टी फिकट, वहीत वांगी. आम्ही दोघं त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. मी तिला पाठीशी घालतोय असं मला वाटायचं. तिला काय वाटत होतं? कदाचित बापानं हात टेकले, असं वाटत असेल. मला हे विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

पुढच्या भेटीत मॅडमनी वही बारकाईनं वाचली. मग वजन बघितलं. पुन्हा वही बघितली. "कीटोन्स तर मस्त आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "इतकं छान पाळूनही वजन वाढतंय. म्हणजे हिला याचा उपयोग होत नाहीये. मग उगाच या मुलीचे हाल नकोत. बंद करूया." सुनंदा म्हणाली, "आणि थोडं दिस?" मॅडमनी नकारार्थी मान हलवली. मी समोरच्या प्लॅस्टिकच्या केळ्यांकडे बघत बसलो.

मायलेकी गोळ्यांच्या रांगेत उभ्या राहिल्या तेव्हा मी परत आत गेलो आणि सगळं सांगितलं. पान, विटेचा तुकडा, खिशातल्या पट्ट्या. मॅडम रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पेनचं टोपण उघडत-लावत म्हणाल्या, "काका, आधी सांगितलं असतं तर..." आणि थांबल्या. "तर काय, मलाही माहीत नाही. कदाचित काही फरक पडला असता. कदाचित नसता. तिच्या भुकेवर तिचा कंट्रोल नाही. तुमचाही नाही. तिला विचारा, परत करायचं का. तिनं हो म्हटलं तर मी आहे."

बसमध्ये सुनंदाला डुलकी लागली तेव्हा मी प्राजूला विचारलं. ती खिडकीबाहेर बघत होती, खाडीवरून खारा वास येत होता. "नको पप्पा," ती म्हणाली. "मी ट्राय केलं ना. खरंच केलं. कुलूप नको आता." मी बरं म्हणालो.

तेव्हापासून माझ्यासमोर दोन गोष्टी आहेत. माझ्या खोट्या वहीमुळे तिचा इलाज हुकला, ही एक. वही खरी असती तरी काही झालं नसतं, ही दुसरी. कधी मला पहिली खरी वाटते आणि जीव नकोसा होतो. कधी दुसरी खरी वाटते, तेव्हा जास्त भीती वाटते, कारण मग माझ्या हातात तेव्हाही काही नव्हतं आणि पुढेही नाही. निदान चूक माझी असावी, असं मनातून वाटतं. वजन सांगणं मला येतं, कमी करणं कधीच येत नव्हतं. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढायचे आहेत. नव्या इंजेक्शनचं बघू, असं डॉक्टर म्हणतात. आम्ही मान डोलावतो.

कुलूप निघालं, कोयंडा तसाच आहे. भाकऱ्या पुन्हा घरात भाजतात. मी तिचं जेवण अजूनही मोजतो, पण दोन घास इकडे तिकडे चालतात. सुनंदाला मी काही सांगितलं नाही. कावळा आला होता, हा तिच्या गाठीला असलेला एकमेव चांगला शकुन आहे, तो काढून घ्यायला माझा हात उचलत नाही.

परवा अखिती झाली. सुनंदानं घरातच रस काढला, पान वाढलं आणि प्राजूच्या हातात दिलं. "तू जा गं घेऊन. गेल्या सालाला तुझ्या हातनं लगीच आलतं तात्या." प्राजूनं माझ्याकडे बघितलं. मी चपला घातल्या.

गच्चीचा जिना चढताना ती तीनदा थांबली. पान तिच्या हातात होतं, उन्हानं आणि चढानं तिचा चेहरा लाल झालेला, रसाचा वास तिच्या नाकाखाली. मी म्हणालो, दे इकडे. तिनं दिलं नाही. गच्चीवर तिनं टाकीच्या सावलीत पान ठेवलं, पाणी फिरवलं, आणि दहा पावलं मागे येऊन कठड्याला टेकून उभी राहिली. कावळे होतेच. एक तर टाकीवर येऊन बसला, मान वाकडी करून पानाकडे बघितलं, उडून गेला.

खिशात फोन वाजला. मी बघायला गेलो तर तिनं माझा हात धरला.

"पप्पा, आज जाऊ नका. मला एकटीला इथं सोडू नका."

मी फोन वाजू दिला. आम्ही उभे राहिलो. "तात्या, या ना लवकर," ती पुटपुटली. ऊन चढत होतं, पानावरचा रस सुकत होता, आणि कावळा येत नव्हता. माझ्या हाताला आयुष्यभर वजन समजत आलंय. तिचा हात माझ्या हातात होता आणि तो पानाच्या दिशेनं ओढत होता. थोडासाच, किलो-अर्ध्या किलोची ओढ असेल. ती स्वतः कठड्याला पाठ लावून, दात आवळून उभी होती. ओढ तिच्या नकळत चालली होती, थांबत नव्हती.

खालून जिन्यातून सुनंदाचा आवाज आला. "आलं का गं तात्या? शिवला का?"

प्राजूनं माझ्याकडे बघितलं. पट्टी हातात देऊन बघायची, तसंच. गेल्या वर्षीचं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं.

"नाही," मी ओरडून सांगितलं. "अजून नाही आला."

तिनं डोळे मिटले आणि माझा हात घट्ट धरला. आम्ही तसेच उभे राहिलो.